गार

गार या शब्दाला मराठीत निदान तीन अर्थ आहेत: आभाळातून पडणारा बर्फाचा गोळा, थंड, आणि पांढरट कठीण दगड. 'अंगणात गार पडली' आणि 'चहा गार पडला' यांत क्रियापद एकच. पण पहिली गार स्त्रीलिंगी नाम, दुसरी विशेषण. हे विशेषण लिंग-वचनाने बदलत नाही: गार वारा, गार हवा, गार पाणी.

बर्फाच्या अर्थी शब्द बहुधा अनेकवचनातच येतो, कारण गार सहसा एकटी पडत नाही. गडगडाटी ढगात वर चढणाऱ्या वाऱ्याबरोबर पाण्याचे थेंब शून्य अंशाखालच्या थंडीत पोचतात, तरी लगेच गोठत नाहीत. ते बर्फाच्या कणावर आदळले की त्याला चिकटून गोठतात. असे थर चढत जातात आणि वाऱ्याला वजन पेलेनासे झाले की गार खाली येते. मोठी गार मधोमध फोडली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात: झटकन गोठलेला थर हवेचे बुडबुडे अडकल्याने दुधी, सावकाश गोठलेला काचेसारखा. हवामानशास्त्रात किमान ५ मिलिमीटर व्यासाच्या गोळ्यालाच गार म्हणतात. शेतकरी मात्र हरभरा, बोर, लिंबू अशी मापे सांगतो, आणि नुकसानीचा अंदाज त्यातूनच चटकन येतो. महाराष्ट्रात गारा मुख्यतः पावसाळ्याआधी पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने राज्यात रब्बी पिके आणि फळबागा झोडपून काढल्या.

थंड या अर्थाचा गोतावळा मोठा आहे. गारवा हवाहवासा, गारठा हुडहुडी भरवणारा. त्यांची अदलाबदल कानाला खटकते. 'हिरवागार'मध्ये थंडीचा संबंध उरत नाही, तिथे गार हा काळाकुट्टमधल्या 'कुट्ट'सारखा नुसता जोर देतो. माणूस 'गार झाला' म्हणजे निरुत्तर झाला किंवा गेलाच. कोणता अर्थ घ्यायचा, ते संदर्भावर.

दगडाच्या अर्थी गार म्हणजे क्वार्ट्झ. तिचा तुकडा ती गारगोटी. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांमध्ये ती सापडते. काचेवर ओरखडा काढण्याइतकी ती कठीण असते आणि पोलादावर आपटली की ठिणगी उडते. कोल्हापूर जिल्ह्यात भुदरगड तालुक्याच्या मुख्य गावाचे नावही गारगोटीच.

भिंतीसाठी कालवलेला चिखल म्हणजेही गारा, पण तो पुल्लिंगी एकवचनी. गवंडी 'गारा आण' म्हणतो तेव्हा कोणी आभाळाकडे बघत नाही.