‘डेट’ कमांड खोटी वेळ सांगते तेव्हा

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, रबाळे, महापे असं जाताना मोजक्याच खिडक्या असलेल्या उंच, मुक्या इमारती दिसतात. ही डेटा सेंटर्स. आतल्या असंख्य सर्व्हरवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते आणि लिनक्सवरची रोजची कामं अगदी छोट्या प्रोग्रामांकडे असतात. ‘सीपी’ फाइलची प्रत काढतो, ‘सॉर्ट’ यादी क्रमाने लावतो, ‘डेट’ तारीख-वेळ सांगतो. त्यांना ना चित्र, ना बटण. टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या मजकुराच्या खिडकीत, नाव टाइप केलं की काम करून मोकळे. माणूस त्यांना बोलावतो त्याहून कितीतरी जास्त वेळा रात्री-अपरात्री चालणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे कमांडच्या तयार याद्या, बोलावतात. त्यामुळे त्यांची चूक सहसा कुणाच्या डोळ्यांदेखत घडत नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराची 25.10 ही आवृत्ती आली. अशा छोट्या प्रोग्रामांचा सी भाषेतला जुना संच म्हणजे जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं कोअरयुटिल्स. त्याच्या जागी तिच्यात रस्ट भाषेत नव्याने लिहिलेला संच होता. कारण रास्त होतं: मेमरी हाताळताना सी-मध्ये होणाऱ्या कित्येक चुका रस्टचा कंपायलर (कोडचं प्रोग्राममध्ये रूपांतर करणारं साधन) आधीच अडवतो. पण लवकरच लक्षात आलं, की काही मशीन नवे अपडेट आपोआप शोधतच नाहीयेत. शोध ‘डेट’च्या ‘-आर’ या पर्यायापाशी येऊन थांबला. त्याच्यापुढे फाइलचं नाव दिलं, की ती फाइल शेवटची कधी बदलली ते कळायला हवं. नव्या ‘डेट’ने पर्याय स्वीकारला, कुरकुर केली नाही आणि सरळ आत्ताची वेळ छापली. अपडेट शोधणारी स्क्रिप्ट एका खुणेच्या फाइलची वेळ पाहून मागची तपासणी किती जुनी आहे ते ठरवते. तिला प्रत्येक वेळी उत्तर मिळे: आत्ताच झाली. मग ती पुन्हा कशाला तपासेल?

‘हा पर्याय मला येत नाही’ असं म्हणून ‘डेट’ थांबला असता, तर ही चूक कितीतरी आधी सापडली असती. गप्प राहून चुकीचं उत्तर देणारा बग मला सर्वांत घातक वाटतो. सुरक्षेचे अपडेट येणंच बंद झालं आणि मशीनच्या मालकाला त्याचा पत्ताही नाही.

अशा दुरुस्तीत कोड बदलणं हा बहुतेकदा सगळ्यात छोटा भाग असतो. आधी चूक हवी तेव्हा घडवून आणता आली पाहिजे. ‘अपडेट येत नाहीत’ एवढ्या तक्रारीवरून मेंटेनर (प्रोग्राम सांभाळणारा) काहीच करू शकत नाही. ती गाळत गाळत एका ओळीवर आणावी लागते: कालची फाइल घ्या, ‘डेट -आर’ चालवा, आजची वेळ येते. इथवर पोचलेली तक्रार म्हणजे निम्मी दुरुस्तीच, आणि ती करायला सी किंवा रस्ट येण्याची गरज नाही. पूर्वी नीट चालणारी गोष्ट मधेच बिघडली असेल तर कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ची ‘गिट बायसेक्ट’ ही कमांड मदतीला येते. मधल्या 1000 बदलांपैकी नेमका कोणता बदल दोषी? मधोमधची आवृत्ती तपासायची, अर्धे बदल बाद करायचे, उरलेल्यांचं पुन्हा तसंच. सुमारे 10 तपासण्यांत गुन्हेगार सापडतो. मग पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, आणि पॅचबरोबर एक टेस्ट, म्हणजे आपोआप चालणारी तपासणी. ही टेस्ट कायमची राहते. पुढे कुणी तीच चूक पुन्हा केली, तर ती बाहेर पडण्याआधीच पकडली जाते.

जुन्या प्रोग्रामांत आणखी एक अडचण असते. त्यांच्या प्रत्येक सवयीवर कुणाची तरी स्क्रिप्ट विसंबून असते. 2016 मध्ये फाइलींची यादी दाखवणाऱ्या, जीएनयूच्या ‘एलएस’ने मोकळी जागा असलेली फाइलची नावं अवतरण चिन्हांत दाखवायला सुरुवात केली. नाव कॉपी करून पुढच्या कमांडला देणं त्यामुळे सुरक्षित झालं, तरी तक्रारींचा पाऊस पडला. बदल फक्त टर्मिनलवर दिसतो, स्क्रिप्टला जुनंच आउटपुट मिळतं, ही काळजी मेंटेनरांनी घेतली होती म्हणून मोडतोड टळली.

हे सांभाळणारे लोक किती थोडे असतात, ते 2024 मध्ये जगाला कळलं. फाइली दाबून लहान करणारं ‘एक्सझेड’ मुख्यतः एकच जण, पगाराशिवाय सांभाळत होता. ‘जिया तान’ नावाने कुणीतरी दोनेक वर्षं मदत केली, विश्वास कमावला आणि 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा घुसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. त्याने पाठपुरावा केला, म्हणून हा डाव उघड झाला.

काही चुका मात्र आपल्याला, मराठी लिहिणाऱ्यांनाच, आधी दिसणार. ‘ठाणे’ हा शब्द घ्या. आपल्या लेखी त्यात अक्षरं दोन, युनिकोडच्या (जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) लेखी चिन्हं चार (ठ, काना, ण, मात्रा) आणि यूटीएफ-8 या साठवण्याच्या पद्धतीत बाइट 12. मजकूर मोजणारा ‘डब्ल्यूसी -सी’ 12 सांगतो, मराठी लोकॅल (भाषेची सेटिंग) लावलं असेल तर ‘डब्ल्यूसी -एम’ 4 सांगतो. दोन कुणीच सांगत नाही. जीएनयूचा ‘कट -सी’ अक्षरं तोडण्यासाठी असूनही वर्षानुवर्षं बाइटच मोजत आला, म्हणजे ‘ठाणे’चं पहिलं अक्षर मागितलं तर हाती ‘ठ’चा एक तृतीयांश तुकडा. क्रमाचंही तसंच. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत ‘ह’च्या नंतर. नुसत्या बाइटनुसार लावलं तर ‘कळवा’ आधी आणि ‘कशेळी’ नंतर. मराठी क्रमाने बरोबर उलट.

अशी यादी चुकलेली दिसली तर आधी लोकॅल तपासावं. लोकॅल ‘सी’ (म्हणजे कुठलीच भाषा न निवडलेलं) असेल तर बाइटनुसार क्रम लागणं हा बग नव्हे. लोकॅल मराठी असूनही क्रम चुकत असेल, तर दोष बहुधा ‘सॉर्ट’चा नसतो. जीएनयू-लिनक्सवर भाषांचे क्रम ग्लिबसी या लायब्ररीच्या तक्त्यांत असतात, ‘सॉर्ट’ फक्त तिला विचारतो. तक्रार ग्लिबसीकडे जायला हवी, आणि तिच्यात उदाहरणाला दोनच शब्द पुरेत: त्यांचा काय क्रम मिळाला, काय हवा होता, आणि सोबत लोकॅलचं नाव व आवृत्ती.