कोकणातलं नळकाम: पोफळीच्या पन्हळीपासून सीपीव्हीसीपर्यंत

जुन्या कोकणी घरात पाणी अंगणापर्यंत येई, भिंतीत शिरत नसे. रहाटाने उपसलेलं पाणी दोणीत पडे आणि तिथून पाटाने किंवा पोखरलेल्या पोफळीच्या पन्हळीतून आगराकडे, न्हाणीकडे जाई. पन्हळ कुजे, पण कुठे गळतंय ते घरातल्या पोरालाही दिसे.

पुढे विजेचे पंप आले, कौलांच्या जागी स्लॅब आला. 1970च्या दशकापासून प्लास्टिकच्या टाक्या मिळू लागल्या आणि टाकी डोक्यावर चढली. जांभ्याच्या चिऱ्यात छिन्नीने खाच सहज पडते, म्हणून जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी पाइप थेट भिंतीत गाडले गेले. घोळ तिथेच झाला. पाइपाला आटे पाडताना जस्ताचा थर कापला जातो, म्हणून गंज आधी सांध्यातच धरतो. त्यावर सूत गुंडाळून सफेता (गळती रोखणारा पांढरा लेप) लावला तरी आतलं उघडं लोखंड उघडंच. जांभ्याच्या विहिरींचं पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी, ते आतून खातं. बाहेरून खारी हवा आणि पावसाळाभर ओल धरणारा चिरा. हळूहळू नळाला तांबूस पाणी येतं आणि धार बारीक होते.

प्लास्टिकच्या पीव्हीसी पाइपाने गंज संपवला, पण गिझरच्या पाण्याने तो पाइप मऊ पडून वाकतो. 1990च्या दशकाच्या अखेरीस भारतात आलेला सीपीव्हीसी, म्हणजे जास्त क्लोरीन असलेला पीव्हीसी, सुमारे 90 अंशांपर्यंत तग धरतो. ऊन मात्र त्यालाही सोसत नाही. गच्चीवर रंग न देता उघडा सोडला की तो ठिसूळ होतो, मग माकडाची एक उडी पुरते.

आता नव्या घरांत जाणते प्लंबर पाइप पुन्हा भिंतीबाहेर काढतात: संडास-बाथरूममागे हात जाईल असा डक्ट (पाइपांसाठी सोडलेली मोकळी पोकळी), प्रत्येक बाथरूमला वेगळा व्हॉल्व्ह, गरम पाण्याची लाइन आखूड. मला हेच शहाणपणाचं वाटतं. लपवलेल्या पाइपाची शोभा पहिल्या गळतीपर्यंतच. टाकीच्या उंचीचा हिशेबही आधीच करावा. 10 मीटर उंचीला दर चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो दाब मिळतो, म्हणजे नळापासून 3 मीटरवरच्या टाकीला जेमतेम 0.3 किलो. शॉवर रडतो, मग प्रेशर पंप बसतो आणि कच्चे सांधे सुटतात.

चाकरमान्यांची घरं तर वर्षातले बरेच महिने बंद. तिथे टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून लाइन रिकामी करायची सोय हवी, नाहीतर गणपतीला दार उघडल्यावर पहिला फोन प्लंबरलाच जातो.