दहावीचा निबंध पाठ का होतो? विदर्भातल्या खेड्यांतून दिसणारी पार्श्वभूमी

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेच्या आजच्या रूपात, पाचवा प्रश्न उपयोजित लेखनाचा असतो. 80 पैकी 24 गुण. पत्र किंवा सारांश 6 गुणांना. जाहिरात, बातमी आणि कथा यांपैकी कोणत्याही दोन कृती 10 गुणांना. आणि शेवटी 8 गुणांचे लेखनकौशल्य, म्हणजे प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन. विद्यार्थ्याने स्वतःच्या डोक्याने लिहावे म्हणून ठेवलेला हा प्रश्न. पण फेब्रुवारीत विदर्भातल्या कुठल्याही गावात शाळेच्या व्हरांड्यात उभे राहिले, तर मुले नेमका हाच भाग पाठ करताना ऐकू येतात. याचे खापर मुलांवर किंवा मास्तरांवर फोडून चालणार नाही. त्यामागे दीडशे वर्षांची वाटचाल आहे.

मराठीत ‘निबंध’ हा प्रकार रुजवला तो एका शाळामास्तराने. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिकवत असताना 1874 च्या जानेवारीत त्यांची निबंधमाला सुरू झाली. महिन्याला एक अंक, आणि लेखन जवळजवळ सगळे एकहाती. त्यात आवेश होता, भांडण होते, एखादे मत पटले नाही तर ते खोडून काढण्याची ईर्षा होती. पुढे शाळेने आणि परीक्षेने निबंध घेतला तो त्याच्या सांगाड्यासकट: प्रस्तावना, मध्य, समारोप. भांडण मात्र दाराबाहेर ठेवले. तपासणाऱ्याला शेकडो उत्तरपत्रिका एकाच मापाने मोजायच्या असतात, आणि आवेश मोजता येत नाही.

विदर्भाची वाट तर आणखी वेगळी. हा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात, नागपूर 1861 पासून मध्य प्रांतात, आणि 1903 मध्ये दोन्ही एका कारभाराखाली आले. नागपूरची कॉलेजे आधी कलकत्ता, मग अलाहाबाद विद्यापीठाकडे बघत होती. नागपूर विद्यापीठ निघाले 1923 साली. अशा प्रांतात मॅट्रिकपर्यंत पोचणारा मुलगा बहुधा शहरातला किंवा मालगुजार म्हणजे जमीनदार, देशमुख यांच्या घरचा. शेतमजुराचे पोर त्या पेपरापर्यंत येतच नसे, त्यामुळे त्याच्या भाषेचा नि अनुभवाचा प्रश्नही कोणाला पडत नसे.

ही कोंडी फोडण्यात सर्वांत मोठा हात डॉ. पंजाबराव देशमुखांचा. 1927 साली अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले, 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, आणि पुढच्या काही दशकांत वऱ्हाडातल्या तालुक्यांत, मोठ्या गावांत हायस्कुले आली. कुणब्या-माळ्यांची, तेल्यांची, दलितांची पोरे त्या बाकांवर बसली. घरात पहिलाच शिकणारा, वर्तमानपत्र येत नाही, पुस्तक म्हटले तर एखादी पोथी. अशा मुलासाठी फळ्यावर गुरुजींनी लिहून दिलेला निबंध हा लिखित गद्याचा जवळजवळ पहिला नमुना होता. त्याने तो जपून वहीत उतरवला आणि पाठ केला, यात नवल नाही. त्या पिढीला पाठांतराने मॅट्रिक मिळवून दिले, आणि मॅट्रिकने नोकरी.

याच विदर्भात त्याच दशकात दुसरा विचारही मांडला गेला होता. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, आणि झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा, म्हणजे हाताच्या कामातून द्यायच्या शिक्षणाचा, आराखडा केला. सूतकताई सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण मातृभाषेकडूनच्या अपेक्षांमध्ये तिथे एक गोष्ट स्पष्ट होती: मुलाला रोजच्या घडामोडी साध्या, स्वच्छ भाषेत लिहिता आल्या पाहिजेत. सेवाग्रामहून हे हायस्कूलच्या परीक्षेपर्यंत पोचले नाही. ते पोचले असते तर आजचा पाचवा प्रश्न निराळा दिसला असता, असे मला मनापासून वाटते.

1956 मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. 1 जानेवारी 1966 ला राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ सुरू झाले, 1967 च्या जानेवारीत बालभारती हे पाठ्यपुस्तक मंडळ, आणि 1975 पासून अकरावीच्या मॅट्रिकची जागा दहावीने घेतली. आता सगळ्या राज्याला एक पाठ्यपुस्तक, एक पेपर. गडचिरोलीच्या मुलीला आणि पुण्याच्या मुलीला सारखाच प्रश्न मिळणे ही समतेचीच गोष्ट, तिचे मोल मी कमी लेखत नाही. पण एका पेपराबरोबर गाइडांची एक बाजारपेठही तयार झाली. ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘मी मुख्यमंत्री झालो तर’, ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ हे विषय घरोघरी पोचले ते छापील उत्तरांसकट.

त्या छापील उत्तरांत काय असते ते ‘पहिला पाऊस’ या एका विषयावरून बघा. मातीचा सुगंध, पिसारा फुलवणारा मोर, कागदी होड्या, खिडकीत बसून कांदाभजी. आता यवतमाळकडच्या कोरडवाहू गावातली मुलगी घ्या. तिच्या घरी पहिला पाऊस म्हणजे बाबा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून, मूठभर माती उकरून, ओल किती खोल गेली ते बघतात. शेजाऱ्याने पावसाआधीच कोरड्या मातीत धूळपेरणी करून टाकलेली असते, त्याची सरकी आता उगवेल. आपण आज पेरायचे की आणखी एक पाऊस बघायचा, यावर रात्री आईबाबांचे बोलणे चालते, कारण मधे उघाड पडली तर दुबार पेरणी, आणि बियाण्याच्या दुसऱ्या थैल्यांना पैसा नाही. प्रसंगलेखनाला याहून भरीव प्रसंग कोणता? माणसे आहेत, ताण आहे, संवाद आहे. ती मुलगी हे सगळे जाणते, आणि पेपरात मोराचा पिसारा लिहून येते. कारण मोराला गुण मिळतात हे तिने पाहिले आहे. दुबार पेरणीला मिळतात की नाही, हे तिला कोणी सांगितलेले नाही.

बोलीचीही एक अडचण आहे. घरी ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘जेवाले ये’. वहीत ‘मला’, ‘तुला’, ‘का’, ‘जेवायला ये’. शुद्धलेखनाचे 14 नियम 1962 मध्ये आले, 1972 मध्ये आणखी 4 जोडले गेले. प्रमाणलेखन शिकवलेच पाहिजे, त्याला पर्याय नाही. परंतु कथेतल्या आजीच्या तोंडी ‘काहून रे बापा’ घालायला त्या नियमांची आडकाठी नाही. प्रत्यक्षात मात्र लाल शाईचा धसका असा बसतो की मुले संवादच टाळतात. कथालेखनातून संवाद गेला की उरतो तो मुद्दे जोडून केलेला परिच्छेद.

खरे तर ठरलेल्या चौकटीत नवे रचणे या मुलखाला परके नाही. पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या, म्हणजे मोठ्याने म्हणायची यमकातली कवने, सुरू होतात. ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ हा शेवट ठरलेला. त्याआधी कर्ज, पीक, सरपंच, पुढारी, जे सुचेल ते यमकात बसवायचे. दुसऱ्या आळीचा गडी त्याला तिथल्या तिथे उत्तर देतो. पूर्वेकडे झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो आणि रात्रभर माणसे संवाद ऐकतात. आणि फार मागे गेलो तर मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, लीळाचरित्र, तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लिहिला गेला. म्हाइंभटांनी त्यासाठी केले काय, तर महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांना गाठून, कोण काय बोलले आणि काय घडले ते जमवले. आज आपण ज्याला प्रसंगलेखन म्हणतो त्याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

कृतिपत्रिका आली ती पाठांतर मोडायलाच. नव्या अभ्यासक्रमाची पहिली दहावी मार्च 2019 मध्ये झाली. त्या वर्षी भाषांचे 20 अंतर्गत गुणही काढून घेतले होते. राज्याचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला, आणि नागपूर विभाग 67.27 टक्क्यांसह सर्वांत खाली राहिला. ओरड झाली आणि पुढच्या वर्षापासून अंतर्गत गुण परत आले. पेपराची रचना मात्र तीच राहिली. गाइडांनीही वर्षभरात रंग बदलला: निबंधाच्या जागी ‘नमुना कृती’ आल्या, आणि खेड्यातल्या वर्गात पुन्हा तेच ठरीव परिच्छेद फळ्यावर उतरू लागले.

फरक पडलेला दिसतो तो बातमीलेखनात. शाळेतला वृक्षारोपणाचा कार्यक्रम, गावातले आरोग्य शिबिर असे विषय येतात. तारीख, ठिकाण, पाहुणे, काय झाले, एवढेच हवे असते. इथे मुले आपल्या गावाचे नाव न लाजता लिहितात, आपल्या ग्रामपंचायतीचे लिहितात, आणि वाक्ये आखूड नि नेमकी येतात. काही शिक्षक आता हीच वाट धरून नववीतच सुरुवात करतात: आधी गावातल्या घटनेची बातमी, मग तीच घटना प्रसंग म्हणून, मग त्यातल्या एका माणसाच्या तोंडून आत्मकथन. तीन लेखनप्रकार, आणि सामग्री मुलाच्या घरची. तपासणाऱ्यांच्या बैठकीत नमुना उत्तराबरोबरच दुबार पेरणीवरचा असा एखादा कागद ठेवून त्याला किती गुण द्यायचे हे उघडपणे ठरवले गेले, तर त्या यवतमाळच्या मुलीच्या शाळेपर्यंत ते पोचायला एक शैक्षणिक वर्ष पुरेल.