डायल-अप आपोआप तोडण्याची सोय: मीटर कुणाचा पळतो?

विंडोज ९८ वर फोन लावून नेट वापरलेल्यांना सेटिंगमधला तो छोटा चौकोन आठवत असेल. अमुक मिनिटं काही हालचाल नसेल तर कनेक्शन तोडावं, अशी खूण तिथे करता यायची. शेजारच्या रकान्यात बहुधा २० हा आकडा असे. आकडा निरुपद्रवी दिसतो. पण तो कुणी ठरवायचा, ग्राहकानं की सेवा देणाऱ्या कंपनीनं, हे देशोदेशी वेगळं होतं आणि त्याचा संबंध संगणकापेक्षा टेलिफोनच्या बिलाशी जास्त होता.

मूळ घोळ दोन यंत्रणांच्या स्वभावातला आहे. टेलिफोन एक्स्चेंज कॉल लागला की दोन टोकांमधली वाट तुमच्यासाठी अडवून ठेवतं. तुम्ही बोला किंवा गप्प बसा, मीटर चालूच. इंटरनेटचं उलट: पान उतरताना काही सेकंद धावपळ, मग तुम्ही ते वाचत बसलात की सगळं सामसूम. एक्स्चेंजला मात्र ही सामसूम जाणवत नाही, कारण दोन्हीकडचे मॉडेम (संगणकाची माहिती सुरांत बदलून फोनवरून धाडणारे डबे) एकमेकांना सतत सूर देतच राहतात. तेव्हा ‘इथे कुणी काही करत नाहीये’ हे दुसऱ्या कुणीतरी ओळखून फोन ठेवायला हवा.

फोन ठेवणं संगणकाच्या हाती आलं ते हेज या अमेरिकन कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेम या मॉडेममुळे. त्याआधी बऱ्याच जणांकडे रिसीव्हर रबरी खाचांत बसवायचा आणि काम झालं की हातानं उचलून जागेवर ठेवायचा, असा कारभार होता. स्मार्टमोडेमला ‘एटी’नं सुरू होणारे हुकूम कळत, ‘एटीएच’ म्हटलं की तो लाइन सोडून देई. पुढे मॉडेमच्या आतच रिकामा वेळ मोजायची सोय आली. हेजच्या वळणाच्या अनेक मॉडेममध्ये ती एस३० या रजिस्टरात, म्हणजे सेटिंगचा आकडा ठेवायच्या खणात होती, यूएस रोबोटिक्स या दुसऱ्या मॉडेम कंपनीनं ती एस१९ मध्ये ठेवली. त्यात कुठे मिनिटं मोजायची तर कुठे दहा-दहा सेकंदांचे टप्पे, त्यामुळे एका मॉडेमचा आकडा दुसऱ्यात जसाच्या तसा टाकला की फजिती ठरलेली.

खरा पेच ‘रिकामा’ कशाला म्हणायचं हा होता. मालक चहा प्यायला गेला तरी त्याचा संगणक गप्प बसत नाही. मेल आली का बघ, मेसेंजरला ‘मी आहे’ असं सांग, विंडोजच्या जाळ्यात कुणाचं तरी नाव शोध, अशी त्याची पुटपुट चालूच असते. प्रत्येक पुटपुटीला मोजणी पुन्हा शून्यावर. लिनक्सवर डायल-अप जोडणी सांभाळणाऱ्या पीपीपीडी या प्रोग्रॅममध्ये म्हणूनच नुसती सेकंदांची मर्यादा पुरली नाही. कोणती पाकिटं (माहितीचे छोटे तुकडे) हालचाल म्हणून धरायची आणि कोणती नाही, हे सांगणारी चाळणीही त्यात आली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी सुधारणा हीच.

अमेरिकेत गोष्ट उलटी फिरली. तिथे बहुतेक घरांना स्थानिक कॉल मिनिटावर मोजला जात नसे. डिसेंबर १९९६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीनं तासांचा हिशेब सोडून महिन्याला १९.९५ डॉलरमध्ये हवं तितकं नेट देऊ केलं. लोक कनेक्शन लावून तसंच ठेवू लागले, कंपनीच्या लाइनी भरल्या आणि बाकीच्यांना नुसता एंगेज टोन. जानेवारी १९९७ मध्ये अनेक राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलसमोर ग्राहकांना परतावा द्यायचं कंपनीला कबूल करावं लागलं. अशा ठिकाणी रिकाम्या गिऱ्हाइकाला उठवायची घाई कंपनीला असते. कोणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या रेडियस या प्रोटोकॉलमध्ये त्यासाठी स्वतंत्र रकानाच आहे, क्रमांक २८. गिऱ्हाईकही काही कमी नव्हतं: दर काही मिनिटांनी उगाच एखादं पाकीट धाडणारे प्रोग्रॅम निघाले, हॉटेलात रिकाम्या कपावर टेबल अडवून बसावं तसे.

जर्मनीत कॉल जितका लांबे तितकी युनिटं पडत, म्हणून तिथे काटकसर ग्राहकाची. आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन लाइनीवर एक्स्चेंजच नवं युनिट पडल्याची खबर देई, आणि लिनक्सच्या आयएसडीएन सॉफ्टवेअरमध्ये पुढचं युनिट पडायच्या किंचित आधी लाइन तोडायची सोय होती. पैसे भरलेल्या युनिटाचा शेवटचा थेंबही वापरायचा! आयएसडीएनला पुन्हा जोडायला एक-दोन सेकंद पुरत, म्हणून हे परवडे. साध्या मॉडेमचं किरकिरणं अर्धा मिनिट खाई.

आपल्याकडे व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं, आणि ग्राहकामागे दोन मीटर लागले: एक विकत घेतलेल्या तासांचा, दुसरा टेलिफोनचा. नोव्हेंबर १९९८ नंतर खासगी कंपन्या आल्या, तासांचे भाव उतरले, पण फोनचा मीटर राहिलाच. तीन मिनिटांच्या पल्सच्या, म्हणजे दर तीन मिनिटांना एक कॉल मोजायच्या हिशेबात २० मिनिटं रिकामं बसणं म्हणजे सहा-सात कॉल पाण्यात. म्हणून लोक त्या चौकोनावर फारसे विसंबत नसत. मेल आधी लिहून ठेवायची, नेट लावायचं, पाठवायची, तोडायचं. पानं भराभर उघडायची आणि लाइन सोडून वाचायची. बाकी, आतल्या खोलीतल्या एक्स्टेन्शनवर कुणी रिसीव्हर उचलला की कनेक्शन जवळपास हमखास तुटे. तो टायमर फुकट होता.

ब्रॉडबँड आल्यावर फोनची वाट अडणं संपलं आणि कित्येक योजनांत तासांऐवजी एमबी मोजू लागले. रिकामं कनेक्शन आता फुकट. महाग पडे ती संगणकाची पुटपुट. टायमर मात्र मोडीत निघाला नाही. कितीतरी राउटरच्या पीपीपीओई (ब्रॉडबँडला नाव-पासवर्ड देऊन जोडायची एक पद्धत) सेटिंगच्या पानावर रिकाम्या मिनिटांचा रकाना अजून आहे. काहींत तिथे ० टाकला की कधीच तोडू नको, असा अर्थ होतो.