ब्रॉडबँड वेग, घरगुती

ब्रॉडबँड वेग, घरगुती : इंटरनेट जोडणीतून दर सेकंदाला घरातील उपकरणापर्यंत पोहोचणाऱ्या माहितीचे प्रमाण. हा वेग बिटमध्ये मोजतात (केबीपीएस म्हणजे सेकंदाला हजार बिट, एमबीपीएस म्हणजे दहा लाख बिट), तर संगणकावरील फायलींचा आकार बाइटमध्ये दाखवला जातो. एक बाइट म्हणजे ८ बिट. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल उतरताना पडद्यावर सेकंदाला साधारण १२ मेगाबाइट दिसले, तर ती जोडणी पुरी चालते आहे असे समजावे. ‘नेट स्लो आहे’ या तक्रारींपैकी काहींचे उत्तर एवढ्या भागाकारात मिळते. उरलेल्या तक्रारींत दोन भिन्न गोष्टी एकत्र आलेल्या असतात : दर, म्हणजे किती माहिती येते, आणि विलंब, म्हणजे ती किती उशिरा येते. दोहोंची कारणे वेगळी असल्याने ती वेगळी तपासावी लागतात.

संज्ञा व व्याख्या : ‘ब्रॉडबँड’ या शब्दाचा वेगाशी आलेला संबंध उत्तरकालीन आहे. दूरध्वनीच्या ४ किलोहर्ट्झ रुंदीच्या मार्गिकेपेक्षा रुंद कंप्रतापट्टा (फ्रिक्वेन्सीचा पट्टा), हा त्याचा जुना अर्थ असावा. एकाच केबलमधून निरनिराळ्या कंप्रतांवर अनेक संदेश नेण्याच्या पद्धतीवरून तो रूढ झाला, असेही एक मत आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या आय.११३ या शिफारशीत प्राथमिक दराहून, म्हणजे १·५ किंवा २ एमबीपीएसहून, अधिक क्षमतेला ही संज्ञा दिली आहे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हीच व्याख्या अधिक नेमकी वाटते. भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने मात्र २५६ केबीपीएस ही किमान मर्यादा धरली. ती २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली. अमेरिकेत डाउनलोडची मर्यादा २०१५ मध्ये २५ एमबीपीएस होती, ती २०२४ मध्ये १०० एमबीपीएसवर नेण्यात आली. या सर्व प्रशासकीय मर्यादा आहेत; जाहिरातीतील ‘ब्रॉडबँड’ या शब्दावरून प्रत्यक्ष वेगाचा अंदाज बांधता येत नाही.

गर्दी-नियंत्रण : जोडणीची क्षमता आणि ग्राहकाला मिळणारा दर यांत तफावत का पडते, हे समजण्यासाठी टीसीपी या संदेशवहन-नियमावलीकडे वळावे लागते. पाठवणारा संगणक माहितीचे काही छोटे तुकडे, म्हणजे पुडकी (पॅकेट), पाठवतो, पोच येण्याची वाट पाहतो आणि पोच येत राहिली तर पुढच्या वेळी थोडी जास्त पाठवतो. पुडके हरवले, तर वाटेत गर्दी आहे असे मानून तो एकदम हात आखडतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथील विद्यापीठ यांमधील जोडणीचा वेग ३२ केबीपीएसवरून ४० बिट प्रति सेकंदापर्यंत कोसळला. दोन्ही ठिकाणांत अंतर होते सुमारे ४०० यार्ड. या घटनेतून व्हॅन जेकबसन यांचे गर्दी-नियंत्रणाचे तंत्र निघाले आणि १९८८ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

या तंत्राचे श्रेय सामान्यतः जेकबसन यांना एकट्याला दिले जाते. तथापि जॉन नेगल यांनी आरएफसी ८९६ या टिपणात (आरएफसी ही इंटरनेटच्या तांत्रिक टिपणांची क्रमांकित मालिका) अशा कोसळण्याचे वर्णन जानेवारी १९८४ मध्येच केले होते. राज जैन व के. के. रामकृष्णन यांचे याच प्रश्नावरील काम त्याच सुमाराचे आहे; हळूहळू वाढवा आणि पटीने घटवा, या नियमाची गणिती बाजू च्यू व जैन यांनी १९८९ मध्ये मांडली. तेव्हा कल्पना अनेकांची आणि प्रत्यक्ष चालणारी आज्ञावली जेकबसन यांची, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

घरच्या वेगाशी याचा थेट संबंध आहे. पोच न येता वाटेत असलेल्या माहितीचे प्रमाण भागिले जाण्या-येण्याचा वेळ, एवढाच दर एका प्रवाहाला मिळू शकतो. अशा वाटेतल्या माहितीवर ६४ किलोबाइटची मर्यादा आणि दूरच्या सर्व्हरपर्यंत २०० मिलिसेकंदांची फेरी असेल, तर दर सुमारे २·६ एमबीपीएसवर अडतो, मग जोडणी १०० एमबीपीएसची असो वा १,००० ची. ही मर्यादा ओलांडण्याची तरतूद १९९२ मध्ये आरएफसी १३२३ ने केली. विंडोजमध्ये व्हिस्टापासून ती आपोआप जुळवून घेतली जाऊ लागली. एका दूरच्या सर्व्हरवरून फाइल रांगत येते आणि त्याच वेळी यूट्यूब सुरळीत चालते, यात पुष्कळदा हेच अंतर दिसते.

रांगेचा फुगवटा : स्मृती स्वस्त झाल्यावर राउटर-मोडेममध्ये पुडकी तात्पुरती ठेवण्याचे मोठमोठे साठे (बफर) आले. पुडके टाकून देण्याऐवजी रांगेत उभे केले जाऊ लागले आणि पाठवणाऱ्याला गर्दीची खबर उशिरा मिळू लागली. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास याला ‘बफरब्लोट’ हे नाव दिले. प्रश्न मात्र जुना आहे. अमर्याद साठ्याचे तोटे नेगल यांनी आरएफसी ९७० मध्ये १९८५ सालीच दाखवले होते. उदाहरणार्थ, १ एमबीपीएसच्या अपलोडवर २५६ किलोबाइटचा साठा भरला, तर मागून येणाऱ्या प्रत्येक पुडक्याला २ सेकंदांहून अधिक थांबावे लागते. डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेत अडकतात. म्हणून मोबाइलमधले फोटो आपोआप वर चढत असताना घरातल्या इतरांचे उतरणेही मंदावते. ही गोष्ट ग्राहकाला सांगितली जात नाही आणि तो उगाच मोठा प्लॅन घेतो. कॅथलीन निकोल्स व जेकबसन यांचे कोडेल (२०१२) आणि त्यावर आधारलेले, आरएफसी ८२९० मध्ये नोंदलेले एफक्यू-कोडेल (२०१८) या रांग आटोक्यात ठेवणाऱ्या पद्धती हे यावरील उपाय आहेत. राउटरमध्ये अशी सोय असल्यास कमाल दर प्रत्यक्ष दराहून किंचित कमी ठेवून ती सुरू करावी.

शेवटचा टप्पा : सार्वजनिक इंटरनेट भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले, बीएसएनएल व एमटीएनएलचे एडीएसएल, म्हणजे दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून चालणारे, ब्रॉडबँड जानेवारी २००५ मध्ये आले. तांब्याच्या तारेवर वेग एक्स्चेंजपासूनच्या अंतराबरोबर घटतो आणि सांध्यात पाणी शिरले की आणखी पडतो; पावसाळ्यात फोनमध्ये खरखर आणि नेट मंद, ही जोडी त्यामुळेच.

प्रकाशतंतूत अंतराचा प्रश्न जवळजवळ नाही, पण वाटणीचा आहे. एकच तंतू अनेक घरांत वाटण्याच्या जीपॉन पद्धतीत २·४८८ जीबीपीएस (सुमारे २,४८८ एमबीपीएस) क्षमता सामान्यतः ३२ किंवा ६४ घरांत विभागली जाते. बत्तीसही घरांनी एकाच क्षणी पूर्ण मागणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ७८ एमबीपीएस येतील. तसे क्वचितच घडते, म्हणून ही वाटणी मुळात गैर नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००९ मध्ये घरगुती जोडण्यांसाठी १:५० हे वाटपाचे प्रमाण सुचवले होते. रात्री नऊच्या सुमारास वेग पडून पहाटे पूर्ववत होत असेल, तर कारण बहुधा या सामायिक भागातच असते.

तंतू भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात दुमडला तर प्रकाश गळतो. जीपॉनच्या प्रचलित बी+ वर्गात घरच्या उपकरणाची ग्रहणमर्यादा, म्हणजे त्याला लागणारा किमान प्रकाश, उणे २७ डीबीएम (प्रकाशशक्तीचे एकक) आहे. मोजमाप त्याच्या जवळ गेले की चुका वाढतात आणि पुढे जोडणी तुटून लाल दिवा लागतो. क्षीण प्रकाशाने वेग हळूहळू, प्रमाणात घटतो असा समज आहे, तो बरोबर नाही.

वायफाय : दोष सर्वाधिक सापडतो तो येथे. २·४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच धरल्या जातात, १, ६ व ११. शेजारच्या सदनिकांचे सर्व राउटर त्यांतच दाटीवाटीने बसतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा जास्त, पण भिंतीतून पोहोच कमी. जुन्या वाड्याची दगडी किंवा कोकणातील जांभ्याची जाड भिंत, लोखंडी कपाट, मोठा आरसा यांनी फरक पडतो. दूरच्या खोलीतील एखादे मंदगती उपकरण हवेतला वेळ जास्त घेते, त्याने बाकीच्यांचाही वेग खाली येतो. एकाच रेडिओवर ऐकणारा व बोलणारा रिपीटर वेग साधारण निम्मा करतो.

मापन : ऊकला कंपनीची स्पीडटेस्ट ही चाचणी (२००६ पासून) अनेक समांतर प्रवाह वापरते व जवळचा सर्व्हर निवडते, एम-लॅब या इंटरनेट-मापन प्रकल्पाची एनडीटी चाचणी एकच प्रवाह वापरते. साहजिकच पहिलीचा आकडा मोठा येतो. पहिली जोडणीची क्षमता मोजते आणि दुसरी वापरकर्त्याच्या अनुभवाजवळ जाते, असा वाद आहे. कंपनीने सांगितलेला दर मिळतो का, एवढेच पाहायचे असल्यास पहिली पद्धत रास्त. दोष शोधायचा असल्यास दोन्ही आकड्यांतील फरकच अधिक बोलका असतो. नेटफ्लिक्सची फास्ट डॉट कॉम ही चाचणी (२०१६) त्या कंपनीच्याच सर्व्हरवरून चालते, हेही ध्यानात ठेवावे.

दोषशोध : प्रथम इतर उपकरणे बंद करून संगणक केबलने थेट राउटरला जोडावा. केबलवर वेग पूर्ण असेल तर दोष वायफायचा. केबलवर आकडा ९४ एमबीपीएसच्या आसपास अडकून राहिला आणि प्लॅन त्याहून मोठा असेल, तर केबल वा पोर्ट तपासावे : गिगाबिट जोडणीला तारांच्या चारही जोड्या लागतात, एक तार तुटली की उपकरणे बहुधा १०० एमबीपीएसवर उतरतात, आणि पुडक्यांवरील मथळ्यांचा (पत्ता वगैरे नोंदींचा) खर्च वजा जाता त्यातले सुमारे ९४ उरतात. सुट्या पिना दाबून बसवलेल्या केबलांत हे फार आढळते. केबलवरही वेग कमी असेल, तर सकाळ, दुपार व रात्र अशा नोंदी काही दिवस ठेवाव्यात. ठरावीक डेटा संपल्यावर वेग मुद्दाम कमी केला जातो, तेही पाहून घ्यावे. राउटर बंद करून पुन्हा चालू केल्याने अडकलेली स्थिती मोकळी होते, पण मूळ दोष जात नाही. रोज तसे करावे लागत असेल तर उपकरण बदलणे बरे.

दूरचा मार्ग : देशांतर्गत देवाणघेवाण देशातच व्हावी म्हणून निक्सी ही संस्था २००३ मध्ये स्थापन झाली. परदेशी वाहतूक मुख्यतः मुंबई व चेन्नई येथे किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्री केबलांवर अवलंबून आहे. जानेवारी २००८ च्या अखेरीस भूमध्य समुद्रात अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या, तेव्हा भारतातील वेग ठळकपणे घसरला होता. अशा वेळी देशातच साठवलेला मजकूर नीट उघडतो आणि परदेशी संकेतस्थळे तेवढी अडतात.