सेंटरकेंद्री आक्रमण (बास्केटबॉल)

सेंटरकेंद्री आक्रमण : बास्केटबॉलमध्ये एकट्या बचावपटूला आवरत नाही असा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा बहुधा सर्वांत उंच खेळाडू, संघात असेल, तर त्याच्याभोवती रचलेले आक्रमण. ‘चेंडू उंच पोराकडे टाका’ एवढाच त्याचा अर्थ घेतला की ते फसते. असा सेंटर रिंगजवळ उभा राहिला की बचाव आपोआप आत ओढला जातो आणि बाहेरच्या चौघांना मोकळीक मिळते. ती मोकळीक वापरायची कशी, हा प्रशिक्षकापुढचा खरा प्रश्न असतो. सेंटरची उंची ही त्याच्या हातातली गोष्ट नव्हे.

सेंटरच्या जागेला खेळाडू ‘पोस्ट’ म्हणतात. पोस्ट म्हणजे खांब. मराठवाड्यात मळणीयंत्रे येण्याआधी खळ्याच्या मधोमध तिवडा रोवत आणि बैल त्याच्याभोवती फिरत. साधारण तसेच हे आक्रमण सेंटरभोवती फिरते. फरक एवढाच की तिवडा जागचा हलत नाही, सेंटरला मात्र हलावेच लागते. आपल्या संघाकडे चेंडू असताना रिंगखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार हा पट्टा 4.9 मीटर रुंद आणि 5.8 मीटर लांब आहे. 2010 च्या बदलाआधी तो बेसलाइनकडे, म्हणजे रिंगमागच्या शेवटच्या रेषेकडे, 6 मीटरपर्यंत पसरत जाणारा समलंब चौकोन होता, म्हणजे सेंटरला आजच्यापेक्षा बाहेर उभे राहावे लागे.

हे नियम बऱ्याच अंशी धिप्पाड सेंटरांनीच घडवले. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये जॉर्ज मायकनमुळे 1951 मध्ये हा पट्टा 6 फुटांवरून 12 फूट रुंद झाला, तर विल्ट चेंबरलेनच्या काळात, 1964 मध्ये, 16 फूट. लू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, महाविद्यालयात असताना 1967 मध्ये तिथे डंकवरच, म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबण्यावरच, बंदी आली आणि ती 1976 पर्यंत टिकली. अल्सिंडरचे त्याने फारसे बिघडले नाही. त्याचा हुक शॉट, म्हणजे बाजूने हात डोक्यावरून वळवून मारलेला फटका, अडवणे डंक अडवण्याइतकेच अवघड होते.

मराठवाड्यात कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉलच्या मानाने बास्केटबॉल शहरांपुरताच आहे. उंच मुलगा पुष्कळदा व्हॉलीबॉलच्या मैदानावरून उचलून आणलेला असतो. त्याला उडी येते, हात वर ठेवायची सवय असते. पण व्हॉलीबॉलमध्ये प्रतिस्पर्धी जाळीपलीकडे असतो, अंगाला अंग लागत नाही. पाठीला माणूस चिकटवून खेळणे त्याला नवे असते. शालेय स्पर्धांत तालुका-जिल्हा पातळीवर बचावपटूच्या डोक्यावरून त्याच्याकडे उंच चेंडू टाकला तरी भागते. विभागीय फेरीत तितक्याच उंचीचा बचावपटू समोर आला की ही युक्ती संपते, आणि दुसरी कोणी शिकवलेली नसते.

शिकवायची पहिली गोष्ट म्हणजे जागा धरणे, ज्याला ‘सील’ म्हणतात. सेंटर गुडघे वाकवून बसका होतो, बचावपटूला पाठीमागे ठेवतो आणि ज्या बाजूला बचावपटूचा हात नाही त्या बाजूचा पंजा उघडून दाखवतो. चेंडू त्याच पंजाकडे यायला हवा. पास देणाऱ्याची जागाही तितकीच महत्त्वाची. मधोमध, वरून दिलेल्या पासवर बचावपटू सहज बाजूने हात घालतो. तोच पास बाजूला सरकून, फ्री थ्रो रेषेच्या (जिथून फाउलनंतरचे मोकळे फटके मारतात त्या रेषेच्या) पातळीच्या थोडे खाली येऊन टप्प्याने दिला, तर मध्ये सेंटरची अख्खी पाठ आडवी येते. सिमेंटच्या कोर्टवर संध्याकाळी धूळ बसलेली असते आणि टप्पा अंदाजापेक्षा खाली येतो. असा पास गुडघ्याशी नको, कंबरेशी पोचेल इतका जोरात हवा. बचावपटू सेंटरच्या पुढे येऊन उभा राहिला, तर चेंडू आधी फ्री थ्रो रेषेवर उभ्या दुसऱ्या उंच खेळाडूकडे जातो आणि तो वरून आत टाकतो.

चेंडू मिळाल्यावर सेंटरने लगेच जमिनीवर आपटू नये. त्या पहिल्या आपटण्याचीच (ड्रिबलचीच) बचाव वाट पाहत असतो. सेंटरची नजर खाली गेली की दुसरा माणूस धावून येतो. आधी खांद्यावरून पाहायचे. दुसरा आला असेल तर कोणीतरी मोकळा आहेच, आणि तो बहुधा समोरच्या कोपऱ्यात किंवा बेसलाइनने आत येत असतो. पास देणाऱ्यानेही जागीच उभे राहू नये. एक तर रिंगकडे कापत जावे, नाही तर दोन-तीन पावले सरकावे, म्हणजे त्याच्या बचावपटूला सेंटर आणि तो असे दोघे एकाच वेळी दिसत नाहीत. ह्यूस्टन रॉकेट्सने 1994 आणि 1995 ची विजेतेपदे हकीम ओलाजुवानला आत ठेवून आणि नेमबाज बाहेर पसरून मिळवली. 2000 ते 2002 अशी सलग तीन विजेतेपदे जिंकणाऱ्या लॉस एंजेलिस लेकर्सने शकील ओनीलसाठी टेक्स विंटरची त्रिकोणी रचना वापरली. तिच्यात पोस्ट, कोपरा आणि विंग (कोर्टची बाजू) या तीन जागांमधून एकाच बाजूला पासांचा त्रिकोण तयार होतो.

एनबीएच्या चित्रफिती पाहून चाली बसवणाऱ्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. तिथे बचावपटूलाही कोणाला जवळून न अडवता त्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आपल्याकडे चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमांत असे बंधन नाही. झोन बचाव, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणारा बचाव, थेट रिंगखाली ठाण मांडतो. त्यात खुल्या मैदानावर वारा असला की 6.75 मीटरवरचे तीन गुणांचे फटके भरवशाचे राहत नाहीत, आणि हे बचावालाही ठाऊक असते. अशा वेळी सेंटरला रिंगखाली कोंडून ठेवण्यापेक्षा फ्री थ्रो रेषेपर्यंत वर आणणे शहाणपणाचे. पुढे दोन आणि मागे तीन बचावपटू अशा 2-3 झोनची मधली पोकळी तिथेच असते. तिथून चेंडू चारी बाजूंना जातो, आणि सेंटरला पास देण्याची नजर असेल तर तोच संघाचा गार्ड, म्हणजे खेळ चालवणारा खेळाडू, ठरतो. 2023 मध्ये डेन्व्हर नगेट्सला विजेतेपद मिळवून देणारा सर्बियाचा निकोला योकिच याचे सर्वांत ठळक उदाहरण. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत, तो 41 व्या क्रमांकावर निवडला गेला होता.

फ्री थ्रो हा सेंटरचा जुना दुखरा भाग. कारकिर्दीत ओनीलचे जवळपास निम्मे फ्री थ्रो हुकले आणि प्रतिस्पर्धी मुद्दाम त्याच्यावर फाउल करत. शालेय सामन्यातही एका क्वार्टरमधला पाचवा संघ-फाउल झाला की नेमबाजीखेरीजच्या फाउललाही साधारणपणे दोन फ्री थ्रो मिळतात. सेंटरचा हात तिथे बसलेला नसेल तर शेवटच्या मिनिटांत त्याला बाहेर बसवावे लागते. सरावात मात्र त्याला रिंगखाली उड्या मारायला लावतात आणि फ्री थ्रो उरलेल्या वेळात उरकतात.

हुकलेला चेंडू सेंटरने स्वतः पुन्हा उचलला, तर शॉट क्लॉक, म्हणजे फटका मारण्यासाठीच्या मुदतीचे घड्याळ, 14 सेकंदांवर येते आणि बचाव तेव्हा विस्कटलेला असतो. पण त्यासाठी तो वेळेवर पोचलेला हवा. अठ्ठावीस मीटरच्या कोर्टवर सर्वांत जड अंग त्याचेच असते, आणि दुपारच्या उन्हातल्या सामन्यात ते आणखी जड होते. तीन वेळा धावत येऊन जागा धरली आणि तिन्ही वेळा गार्डने लांबूनच फटका मारला, की चौथ्या वेळी सेंटर चालत येतो.