लेड-अ‍ॅसिड की लिथियम: कॅम्पर व्हॅनच्या बॅटरीचा हिशेब

विजेच्या जोडणीपासून दूर, कॅम्पर व्हॅनमध्ये सलग काही दिवस राहायचे ठरले, की बॅटरी निवडताना बहुतेकांची नजर किंमत आणि अँपिअर-अवर (बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप) या दोनच आकड्यांवर खिळते. माझ्या मते त्याआधी एक वेगळा प्रश्न विचारायला हवा. वापरलेली वीज परत भरणार कशी, आणि बॅटरी खरोखर काठोकाठ किती वेळा भरली जाणार? लेड-अ‍ॅसिड आणि लिथियम यांच्यातला खरा फरक बॅटरी उतरताना दिसतो त्याहून अधिक ती भरताना दिसतो.

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये पुन्हा चार्ज करता येणारी लेड-अ‍ॅसिड बॅटरी तयार केली आणि तिचे मूळ रसायन आजही तेच आहे. धन प्लेटवर लेड डायऑक्साइड, ऋण प्लेटवर सच्छिद्र शिसे आणि दोन्हींच्या मध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्ल असते. वीज काढून घेतली जाते तेव्हा दोन्ही प्लेटवर लेड सल्फेटचे बारीक स्फटिक जमतात आणि आम्ल पातळ होत जाते. चार्जिंग करताना हीच क्रिया उलटी होते. मात्र बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत दिवसचे दिवस पडून राहिली, तर हे स्फटिक मोठे आणि कठीण होतात व पुन्हा सहजासहजी विरघळत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग निकामी होतो आणि क्षमता कायमची घटते. याला सल्फेशन म्हणतात आणि कॅम्पिंगच्या बॅटऱ्या अकाली जातात त्या प्रामुख्याने यामुळेच.

आता सौर पॅनेलवर चालणाऱ्या व्हॅनचा एक दिवस पाहू. फ्रिज, दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि फोन मिळून दिवसाला ६० अँपिअर-अवर लागतात आणि व्हॅनमध्ये १०० अँपिअर-अवरच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या समांतर जोडलेल्या आहेत, असे धरू. पूर्ण चार्जपासून सुरुवात केली, तर चोवीस तासांनी बॅटरीत सुमारे ७० टक्के उरतात. छतावरचे २०० वॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसभरात साधारण तेवढीच वीज देते, म्हणजे कागदावर हिशेब जुळतो. प्रत्यक्षात मात्र चार्ज ८०-८५ टक्क्यांच्या पुढे गेला, की बॅटरीचे व्होल्टेज १४.४ च्या आसपास पोहोचते आणि ती घेत असलेला प्रवाह हळूहळू कमी होऊ लागतो. घागर काठाशी आली की नळाची धार बारीक करावी लागते, तसाच हा प्रकार आहे. शेवटच्या पंधरा-वीस टक्क्यांसाठी तीन-चार तास, कधी त्याहूनही अधिक लागतात, आणि तोवर ऊन उतरलेले असते. पॅनेल देऊ शकत असलेली काही वीज अशी वाया जाते, शिवाय चार्जिंगच्या क्रियेतच पंधरा-वीस टक्के ऊर्जा खर्ची पडते. त्यामुळे रोज संध्याकाळी बॅटरी आदल्या दिवसापेक्षा थोडी कमी भरलेली राहते आणि आठवडाभरात निम्म्यावर येते. सल्फेशनला याहून पोषक परिस्थिती दुसरी नाही.

निम्म्याखाली जाणेही परवडत नाही, कारण लेड-अ‍ॅसिड बॅटरी जितकी खोलवर उतरवावी तितके तिचे आयुष्य घटते. म्हणूनच १०० अँपिअर-अवरपैकी ५० च वापरावेत असा संकेत आहे. शिवाय हा छापील आकडा वीस तासांत सावकाश, म्हणजे ५ अँपिअरने वीज काढली तरच खरा ठरतो. इन्व्हर्टरवर १२०० वॅटची शेगडी लावली, तर १२ व्होल्टच्या बाजूला १०० अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. एवढ्या ओढीला तीच बॅटरी तासभर न टिकता अर्ध्या-पाऊण तासातच मान टाकते आणि त्याआधीच व्होल्टेज पडल्याने इन्व्हर्टर ओरडू लागतो.

लिथियम म्हणजे या संदर्भात जवळजवळ नेहमीच लिथियम आयर्न फॉस्फेट. या पदार्थाचा बॅटरीतील उपयोग जॉन गुडइनफ यांच्या टेक्सास विद्यापीठातील गटाने १९९० च्या दशकात दाखवून दिला. गुडइनफ यांना लिथियम-आयन बॅटरीच्या विकासासाठी २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. फोन किंवा लॅपटॉपमधल्या लिथियम बॅटऱ्यांचे रसायन सहसा वेगळे असते. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्याने तापल्यावर तो सहजी सुटत नाही, म्हणून ही बॅटरी आगीच्या दृष्टीने बरीच सुरक्षित मानली जाते. झोपण्याच्या जागेखाली बॅटरी ठेवणाऱ्याला हा मुद्दा वजनाहून मोलाचा वाटावा, जरी वजनही निम्म्याहून कमी असते: १०० अँपिअर-अवरला लेड-अ‍ॅसिडचे सुमारे २८-३० किलो, तर लिथियमचे ११ ते १३.

लिथियम आयन प्लेटच्या स्फटिकरचनेत शिरतात आणि बाहेर पडतात. सल्फेटसारखे काही साचत नाही. अर्धवट चार्ज राहणे हा इथे दोष नाही. ती जवळजवळ शेवटपर्यंत मिळेल तो प्रवाह घेते आणि भरलेल्या विजेपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास परत देते. ८०-९० टक्के क्षमता निर्धास्त वापरता येते आणि भरण्या-उतरण्याची अशी हजारो आवर्तने होतात, जिथे लेड-अ‍ॅसिड काही शेकड्यांवर थकते. वरच्या उदाहरणातले पॅनेल तेच ठेवून दोन्ही बॅटऱ्यांच्या जागी १०० अँपिअर-अवरची एकच लिथियम बॅटरी बसवली, तरी रोजचा वापर त्यात सामावतो.

तिचे हट्टही आहेत. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास लिथियमचा धातुरूप थर ऋण प्लेटवर साचतो आणि ती कायमची बिघडते. चांगली नियंत्रण यंत्रणा अशा वेळी चार्जिंग रोखते. म्हणजे थंडीतल्या सकाळी ऊन असूनही बॅटरी भरत नाही. हीटर असलेली बॅटरी घ्यावी किंवा ती व्हॅनच्या उबदार आतल्या भागात बसवावी. लेड-अ‍ॅसिडला थंडीत चार्ज करता येते, पण पूर्ण उतरलेली असेल तर तिचे पातळ आम्ल शून्याखाली दहा अंशांच्या आतच गोठू शकते. लिथियमचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे व्होल्टमीटर पाहून किती वीज उरली ते कळत नाही. आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारा शंट मीटर लावावाच लागतो.

इंजिनावरून चार्ज करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी असतो, की ती अल्टरनेटरकडून (इंजिनावर फिरणाऱ्या वीजनिर्मिती यंत्राकडून) त्याला झेपेल त्याहून अधिक प्रवाह ओढू शकते आणि इंजिन मंद चालत असताना, पुरेसा थंडावा नसल्याने, तो जळू शकतो. मध्ये हा प्रवाह मर्यादेत ठेवणारा डीसी-डीसी चार्जर बसवणे हा त्यावरचा उपाय आहे. जुन्या चार्जरमधील इक्वलायझेशनची, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेजवर चार्ज करण्याची, सोय बंद करावी. ही सारी भर खरेदीच्या हिशेबात धरली, तर लिथियम सुरुवातीला महागच पडते.

म्हणून जो वर्षातून मोजकेच दिवस बाहेर पडतो, प्रत्येक मुक्कामी विजेची जोडणी घेतो आणि घरी परतताच बॅटरी चार्जरला लावतो, त्याने लेड-अ‍ॅसिड घेण्यात काहीच चूक नाही. मात्र ती डीप-सायकल प्रकारची, म्हणजे वारंवार खोलवर उतरवण्यासाठी बनवलेली, जाड प्लेटची असावी, इंजिन सुरू करण्याची नव्हे. साधी बॅटरी चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन सोडते, म्हणून तिला वायुवीजन हवे, आणि अधूनमधून डिस्टिल्ड वॉटरही घालावे लागते. एजीएम या बंदिस्त प्रकारात, जिथे आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते, पाणी घालण्याचा व्याप नाही. हंगाम संपल्यावर लेड-अ‍ॅसिड पूर्ण भरून ठेवावी व मधूनमधून चार्ज करावी, तर लिथियम निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून तिच्या जोडण्या काढून ठेवाव्यात.